धातूवरची पकड : रंगखात्यापासून कॅन्सरच्या इंजेक्शनपर्यंत

प्रोसेसिंगचे काम करणाऱ्या आपल्या बांधवांना सिक्वेस्टरिंग एजंट नवीन नाही. पाण्यात चुना असला की रंग एकसारखा बसत नाही. पेरॉक्साइडच्या ब्लीचिंगमध्ये लोखंड आले तर कापडाला भोके पडतात. म्हणून आपण ईडीटीए किंवा डीटीपीए टाकतो. ते धातूला पकडून ठेवते. जर्मनीत १९३५ च्या सुमारास फर्डिनंड म्युन्झ यांनी ईडीटीए काढले, तेही रंगाईत सायट्रिक ॲसिडला पर्याय म्हणूनच. अशा रसायनांना चिलेट म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ खेकड्याची नांगी.

हीच नांगी आज कॅन्सरच्या उपचारात कामी येते. गाठीच्या पेशी ओळखून त्यांना चिकटणारे काही जैविक रेणू आहेत. त्यांच्याबरोबर किरणोत्सर्गी धातू पाठवला तर किरण थेट गाठीवर पडतात. पण धातू त्या रेणूला आपण होऊन टिकून राहत नाही. म्हणून दोन तोंडांचे रसायन बनवतात : एका तोंडाने धातू धरायचा, दुसऱ्याने रेणूला जोडून घ्यायचे. रंगाईत तुरटी सूत आणि रंग यांच्यामध्ये बसते, तसेच हे.

पकड सुटली तर काय? आपल्याकडे रंग निघाला तर गिऱ्हाईक थान परत आणते. इथे माल परत घेण्याची सोय नाही. सुटलेले यिट्रियम किंवा ल्युटेशियम हाडांत जाऊन बसते आणि रक्त तयार करणाऱ्या मगजाला इजा करते.

म्हणून नांगी धातूच्या मापाने घडवावी लागते. ईडीटीएला सहा हात, डीटीपीएला आठ. पण दोघांची साखळी मोकळी. १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या डोटाचे आठ हात बंद कड्यावर बसवलेले आहेत, त्यामुळे ल्युटेशियम सहसा सुटत नाही. अडचण एकच : धातू लवकर बसवायला साधारण ९० अंशांपर्यंत तापवावे लागते. लहान पेप्टाइड ते सोसते, मोठी अँटिबॉडी अंड्यासारखी गोठते. तिच्यासाठी डीटीपीएची साखळी ताठ करून थंडपणी काम करणारी जात काढली गेली.

वेळेचाही हिशेब आहे. गॅलियम-६८ दर ६८ मिनिटांनी निम्मे होते, तेव्हा नांगीने मिनिटांत पकडले पाहिजे. ल्युटेशियम-१७७ ला निम्मे व्हायला सुमारे साडेसहा दिवस लागतात; तिथे पकड कित्येक दिवस टिकली पाहिजे. हे ल्युटेशियम तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील ध्रुव अणुभट्टीत तयार होते आणि परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये रुग्णांना दिले जाते. डोटा जोडलेल्या अशाच औषधाला युरोपने २०१७ मध्ये व अमेरिकेने २०१८ मध्ये परवानगी दिली.

भांड्यात जस्त किंवा लोखंडाचा अंश राहिला तर तोच नांगीत जागा अडवतो आणि कामाचा धातू बाहेर राहतो. आपल्या हौदातही नेमके हेच घडते. क्षारयुक्त पाण्यात ईडीटीएची लोखंडावरची पकड ढिली पडते, तिथे डीटीपीए जास्त उपयोगी. तेव्हा व्यापाऱ्याला किलोचा भाव विचारताना एवढेही विचारावे : कोणता धातू, किती पीएच आणि किती गरमी?