ध्वनिक्षेपकाची पेटी इतकी महाग का?

गडचिरोली जिल्ह्यातील आलापल्लीचा साग प्रसिद्ध आहे. तेथील 'वनवैभव' या सुमारे 6 हेक्टरांच्या राखीव तुकड्यातील उंचच उंच साग पाहायला लोक मुद्दाम जातात. गावच्या लाकूड डेपोत सागाच्या ओंडक्यांचा लिलाव होतो. बोली लावण्यापूर्वी जाणता व्यापारी ओंडक्याचा घेर पाहतो, गाठी पाहतो, भेगा पाहतो. आतून पोखरलेला ओंडका ठोकून पाहिला तरी कळतो, कारण त्याचा आवाजच वेगळा येतो.

लाकडाचे आणि आवाजाचे नाते असे जवळचे आहे. मिरजेचे कारागीर तंबोरा करतात तेव्हा भोपळा आणि वरची लाकडी तबली तारेबरोबर चांगली कंप पावावी, अशीच त्यांची खटपट असते. पण गाणे ऐकण्याच्या यंत्रातील ध्वनिक्षेपकाची, म्हणजे आपल्या स्पीकरची, पेटी नेमकी उलट हवी असते. तिने अगदी गप्प बसायचे! या गप्प बसण्याला केवढा खर्च येतो, ते आता पाहू.

पाचशे रुपयांतही स्पीकर मिळतो आणि काही लाख रुपयांनाही एक जोडी विकली जाते. दोन्हींच्या आत तत्त्व एकच. चुंबकाच्या फटीत तारेचे एक हलके वेटोळे असते. त्यातून गाण्याप्रमाणे बदलणारा विद्युतप्रवाह गेला की वेटोळे पुढे-मागे हलते. त्याला चिकटवलेला शंकूच्या आकाराचा पडदा हवा ढकलतो आणि आपल्याला आवाज ऐकू येतो. अमेरिकेत चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी 1925 मध्ये अशी रचना मांडली. आजही बहुतेक स्पीकर याच वंशातले आहेत.

अडचण सुरू होते ती आपल्या कानामुळे. तरुण माणसाचा कान साधारण 20 ते 20,000 हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकतो. ध्वनीचा हवेतील वेग सेकंदाला सुमारे 340 मीटर. म्हणजे 20 हर्ट्झच्या आवाजाची तरंगलांबी होते 17 मीटर आणि 20,000 हर्ट्झची अवघी 1.7 सेंटिमीटर! खर्ज हवा असेल तर पुष्कळ हवा ढकलावी लागते. आवाज तेवढाच मोठा ठेवून 100 ऐवजी 50 हर्ट्झचा सूर काढायचा, तर पडद्याला चौपट अंतर हलावे लागते. त्यासाठी पडदा मोठा हवा. उलट बारीक, तीव्र सुरांसाठी मोठा पडदा कुचकामाचा. तो एकसंध हलत नाही, त्याचे वेगवेगळे भाग वेगवेगळे थरथरतात आणि आवाज टॉर्चच्या झोतासारखा समोरच जातो. म्हणून चांगल्या पेटीत दोन किंवा तीन पडदे असतात आणि सूर वाटून देणारे एक विद्युतमंडलही असते. पडदा हलका हवा आणि ताठही हवा. कागदाचा लगदा स्वस्त आहे व बरेच काम भागवतो. बेरिलियम हा धातू ॲल्युमिनियमपेक्षा हलका आणि कितीतरी ताठ आहे, पण त्याची धूळ विषारी असल्याने त्याचे काम जपून करावे लागते. तेथे किंमत एकदम चढते.

आता पेटीकडे वळू. जुन्या रेडिओतला सुटा स्पीकर मिळाला तर एक प्रयोग करा. (मोठ्यांच्या मदतीने आणि रेडिओ विजेच्या जोडणीपासून पूर्ण वेगळा करूनच स्पीकर काढा. मग तो सेलवर चालणाऱ्या छोट्या रेडिओला जोडा.) नुसता हातात धरला तर आवाज पत्र्यासारखा किरटा येईल. मग एका मोठ्या पुठ्ठ्याला पडद्याएवढे गोल भोक पाडून स्पीकर त्यावर दाबून धरा. तबल्याचा डग्गा एकदम जिवंत होईल! पडदा पुढे जातो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. लांब तरंग कडेवरून वळून एकमेकांना भेटतात व परस्परांना खोडून टाकतात. पुठ्ठा ही भेट होऊ देत नाही. पेटी म्हणजे सगळीकडून दुमडलेला पुठ्ठाच.

पण पेटीत कोंडलेला आवाज स्वस्थ बसत नाही. तो फळ्यांना आतून धक्के देतो. फळीचे क्षेत्रफळ पडद्यापेक्षा कितीतरी जास्त, म्हणून ती किंचित थरथरली तरी आपला सूर गाण्यात मिसळते. आणि गायकाने सूर सोडला तरी फळी क्षणभर गुणगुणतच राहते. म्हणून जाड फळ्या, आत आडवे-उभे आधार आणि कंप जिरवणारे थर घालावे लागतात. मग आलापल्लीच्या सागाची भरीव पेटी करावी काय? साग दमट हवेत फारसा फुगत नाही, हा त्याचा मोठा गुण. तरीही लाकूड रेषेच्या दिशेने ताठ आणि आडवे त्यामानाने लवचिक असते. शिवाय एक फळी दुसरीसारखी नसते. कारखान्याला शंभर पेट्या तंतोतंत सारख्या हव्या असतात. म्हणून बहुतेक पेट्या लाकडाचे तंतू चिकटवून दाबलेल्या एकजिनसी फळ्यांच्या असतात. सागाचा पातळ पापुद्रा वरून लावतात तो डोळ्यांसाठी, कानांसाठी नव्हे. त्याचेही पैसे आपण देतोच!

आणखी एक हिशेब आहे. समजा, एका नमुन्याच्या आखणीला व चाचण्यांना दहा लाख रुपये लागले. एक लाख जोड्या विकल्या तर जोडीमागे दहा रुपये पडतात. शंभरच विकल्या तर दहा हजार. महाग वस्तू थोड्या खपतात आणि थोड्या खपतात म्हणून आणखी महाग होतात.

जत्रेतला कर्णा मात्र स्वस्तात सगळ्या गावाला ऐकू जातो. त्याच्या विस्तारत जाणाऱ्या तोंडामुळे विजेचा बराच मोठा भाग आवाजात उतरतो. घरच्या चांगल्या स्पीकरमध्ये एखादाच टक्का उतरतो, बाकीची उष्णता होते! पण कर्ण्यातून खर्ज जवळजवळ येतच नाही. बोलणे समजते, मृदंग हरवतो.

येथपर्यंतचा खर्च समजण्याजोगा आहे. पण स्पीकरला जोडायची वायर काही दुकानांत हजारो रुपयांना मिळते, तिचे काय? आपणच गणित करू. अडीच चौरस मिलिमीटर जाडीची साधी तांब्याची वायर घ्या. स्पीकर 3 मीटरवर, म्हणजे जाऊन-येऊन 6 मीटर. तिचा रोध भरतो सुमारे 0.04 ओहम. स्पीकरचा धरा 8 ओहम. वायरीत विद्युतदाबाचा अर्धा टक्का खर्च होतो. आवाजात पडणारा फरक डेसिबलच्या विसाव्या भागाहूनही कमी. साधारणतः एक डेसिबलच्या आसपास फरक असल्याशिवाय आपल्याला तो सहज कळत नाही. मग 'वायर बदलताच गाणे उजळले' असे सांगणारे खोटे बोलतात का? बहुधा नाही. किंमत ठाऊक असली की कान तिच्या बाजूने कौल देतात. म्हणून परीक्षा पडद्याआडून घ्यावी लागते: कोणती वस्तू चालू आहे हे ऐकणाऱ्याला कळू द्यायचे नाही आणि दोन्हींचा आवाज मोजून सारखा ठेवायचा. कारण किंचित मोठा आवाज आपल्याला नेहमीच अधिक चांगला वाटतो, आणि विक्रेत्याचा हात आवाजाच्या बटणावरच असतो.