पडद्यावरचा कुंग फू (लेखांक ६) : शत्रू घरातलाच

गेल्या आठवड्यात आपण त्सुइ हार्कच्या ‘वन्स अपॉन अ टाइम इन चायना’बद्दल (१९९१) बोललो. त्यात वाँग फेइ-हुंगची झुंज गोऱ्यांशी आणि त्यांना सामील झालेल्या गुंडांशी होती. पुढच्याच वर्षी आलेला दुसरा भाग मला त्याहून सरस वाटतो, आणि ते केवळ मारामाऱ्यांमुळे नाही.

काळ १८९५चा. जपानकडून हरलेल्या चीनला शिमोनोसेकीच्या तहात तैवान गमवावं लागलं आहे, लोक संतापलेले आहेत. वैद्यकपरिषदेसाठी कँटनला आलेल्या वाँगची गाठ पडते श्वेतकमल पंथाशी. आपल्याला बंदुकीची गोळी लागत नाही, असं मानणारी ही माणसं परदेशी ते सारं जाळत सुटली आहेत. परकी भाषा शिकणारी चिनी पोरंही त्यांच्या तावडीतून सुटत नाहीत. खरं तर त्या वर्षी कँटनमध्ये असं काही घडलं नव्हतं. हार्कने पुढच्या काळातल्या, उत्तरेकडच्या बॉक्सर बंडाची छाया इथे आणली आहे. इतिहासाची ही ओढाताण मला मान्य आहे, कारण तिच्यामुळे वाँगची खरी कोंडी होते. परक्यांना दोष देऊन आता त्याला सुटता येत नाही, समोर आपलीच माणसं आहेत.

या कोंडीचं उत्तर वैद्यकपरिषदेच्या प्रसंगातच आहे. वाँग सुया टोचून चिनी उपचार समजावतो आणि परदेशी डॉक्टरांसाठी त्याचं बोलणं इंग्रजीत सांगतो तो क्रांतिकारक सन यत-सेन, जो स्वतः हाँगकाँगमध्ये पाश्चात्त्य वैद्यक शिकलेला. दोन विद्या एकाच व्यासपीठावर शेजारी उभ्या राहतात. मालिकेतला हा माझा सर्वांत आवडता प्रसंग, आणि त्यात एकही ठोसा नाही.

मारामाऱ्या युएन वू-पिंगने बसवल्या आहेत. पंथप्रमुखाशी वाँगची लढत रचलेल्या मेजांवर चढत जाते. पण लक्षात राहतो तो डॉनी येनचा सेनाधिकारी. तो भिजवलेलं कापड पिळतो आणि त्याचा दांडा होतो. तेच कापड पुढच्या क्षणी चाबकासारखं सुटतं. वाँग झालेल्या जेट लीच्या हाती काठी. हा अधिकारी लाचखाऊ किंवा लंपट नाही, मांचू राजवटीचा निष्ठावंत चाकर आहे. म्हणून तर त्याची भीती वाटते.

उणिवा आहेत. पहिल्या भागात युएन बियाओने साकारलेला शिष्य फून इथे मॅक्स मॉककडे गेला आणि निव्वळ विनोदापुरता उरला. पहिल्या भागापासून वाँगसोबत असलेल्या तेराव्या मावशीच्या वाट्याला बहुतेक वेळ संकटात सापडणंच येतं. आणि सन यत-सेनसमोर आल्यावर हार्कची लेखणी नको तितकी अदबीने वागते. सनचा साथीदार लू हाओदोंग याला मांचू राजवटीविरुद्ध त्याच वर्षी फसलेल्या उठावानंतर देहदंड झाला होता. चित्रपटात त्याचा शेवट वेगळा रंगवला आहे, तरी तो जिवंत वाटतो. सन मात्र शेवटपर्यंत तसबिरीतलाच राहतो.