एका दिवसात विजापूर

प्रवासाची आवड बहुतेकांना असते. पण प्रवास कसा करावा, याचा विचार थोडेच लोक करतात. एखाद्या ऐतिहासिक नगरात सकाळी उतरावे, दिसेल त्या इमारतीकडे धाव घ्यावी, वाटाड्या सांगेल ते ऐकावे आणि संध्याकाळी थकूनभागून गाडीत बसावे, असा पुष्कळांचा क्रम असतो. घरी परतल्यावर काय पाहिले म्हणून विचारले, तर त्यांना नावांची यादी तेवढी सांगता येते. पाय हिंडून आले, पण डोळे घरीच राहिले, असे अशा प्रवासाबद्दल म्हणावे लागते. याउलट, एकच दिवस हाती असला तरी तो नीट योजला, तर दोनशे वर्षांचा इतिहास दृष्टीसमोर उभा राहू शकतो. विजापूरचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे.

विजापूर सोलापूरच्या दक्षिणेस सुमारे शंभर किलोमीटरांवर, कर्नाटक राज्यात आहे. २०१४ पासून त्याचे अधिकृत नाव विजयपुर असे आहे. पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून १६८६ पर्यंत ही आदिलशाहीची राजधानी होती. शहाजीराजांनी या दरबाराची चाकरी केली आणि १६५९ मध्ये अफजलखान शिवाजी महाराजांवर चालून गेला तो याच दरबाराचा सरदार म्हणून. त्यामुळे महाराष्ट्रातील मुलांना विजापूर ठाऊक असते ते शत्रूची राजधानी म्हणून. हे खरे आहे. पण तेवढेच खरे नव्हे. ज्या राज्याशी आपल्या पूर्वजांनी झुंज घेतली, ते किती बलाढ्य आणि किती संपन्न होते, हे पाहिल्यावाचून त्या झुंजीचे मोलही पुरते कळत नाही.

प्रवासाची तयारी आदल्या दिवशीच व्हावयास हवी. तिच्यासाठी फार ग्रंथ चाळावे लागत नाहीत. चार सुलतानांची नावे आणि त्यांचे राज्यकाल ध्यानात असले म्हणजे पुरे: पहिला अली (१५५८–१५८०), दुसरा इब्राहिम (१५८०–१६२७), मुहंमद (१६२७–१६५६) आणि दुसरा अली (१६५६–१६७२). विजापुरातील बहुतेक मोठ्या इमारती या चौघांच्या काळातील आहेत. दुसरी गोष्ट म्हणजे नकाशा. गोल घुमट शहराच्या पूर्व भागात आहे, बालेकिल्ला मध्यभागी आणि इब्राहिम रोजा पश्चिमेच्या तटाबाहेर. तेव्हा सूर्याबरोबर पूर्वेकडून पश्चिमेकडे जावे, म्हणजे एकच रस्ता पुन्हा तुडवावा लागत नाही. तिसरी गोष्ट निवडीची. शहरात पाहण्याजोगी स्थळे पुष्कळ आहेत; पण सहा-सात स्थळे सावकाश पाहणारा वीस स्थळांना नुसता हात लावून येणाऱ्यापेक्षा अधिक पाहतो.

दिवसाचा आरंभ गोल घुमटापासून करावा आणि तोही अगदी सकाळी. ही मुहंमद आदिलशहाची कबर होय. तिचे बांधकाम १६५६ च्या सुमारास संपले. घुमटाचा बाहेरचा व्यास सुमारे ४४ मीटर आहे, आणि खालच्या विस्तीर्ण दालनात मध्ये एकही खांब नाही. येथे क्षणभर थांबून विचार करावा. चौकोनी पेटीवर वाटोळी परात पालथी घातली, तर चारी कोपरे उघडे पडतात. मग चार भिंतींच्या चौकोनावर एवढा मोठा गोल घुमट बसवला कसा? वर पाहिले म्हणजे उत्तर मिळते. आठ प्रचंड कमानी एकमेकींना छेदून आत झुकलेल्या आहेत. त्यांच्यामुळे चौकोनाचा आकार हळूहळू गोल होत जातो आणि घुमटासाठी बैठक तयार होते. घुमटाचा भार नेहमी भिंतींना बाहेर रेटू पाहतो. आत झुकलेल्या या कमानींचे वजन त्या रेट्याला आवर घालते. साडेतीन शतकांहून अधिक काळ हा तोल टिकून आहे.

कोपऱ्यांवरील मनोऱ्यांतून अरुंद जिना वर जातो. घुमटाच्या आतून फिरणाऱ्या सज्जात एका बाजूला कोणी भिंतीशी तोंड नेऊन कुजबुजले, तर समोरच्या बाजूस उभ्या असलेल्या माणसाला ते शब्द स्पष्ट ऐकू येतात. यात चमत्कार काही नाही. आवाजाच्या लहरी गोल भिंतीला धरून, तिच्यावर पुन्हा पुन्हा आदळत पलीकडे पोहोचतात. परंतु शेकडो माणसे एकाच वेळी आरोळ्या ठोकू लागली, की हा अनुभव कोणालाच मिळत नाही. उरतो तो नुसता गोंगाट. सकाळी लवकर जावे, याचे कारण हेच.

तेथून जामा मशीद फार दूर नाही. विजयनगरच्या सत्तेचा कणा मोडणारी तालीकोटची लढाई १५६५ मध्ये झाली. तीत विजयी झालेल्या सुलतानांपैकी पहिला अली आदिलशहा हा एक. त्याने पुढे ही मशीद बांधावयास घेतली. कमानींच्या रांगा, त्यांवरील साधा पांढरा गिलावा आणि आतील शांत प्रकाश यांमुळे मन आपोआप स्थिर होते. येथे आजही नमाज होते, म्हणून पादत्राणे बाहेर काढून, आवाज न करता आत जावे. ही मशीद योजल्याप्रमाणे कधीच पुरी झाली नाही. हीच गोष्ट पुढे बारा कमानीपाशी अधिक ठळकपणे दिसते. दुसऱ्या अलीने स्वतःच्या कबरीसाठी ही इमारत आरंभली. पण ती छपरापर्यंत पोहोचलीच नाही. आकाशाखाली काळ्या दगडाच्या उंच कमानी तेवढ्या उभ्या आहेत. या सुलतानाच्या कारकिर्दीतच एका बाजूने मराठे आणि दुसऱ्या बाजूने मोगल राज्याचे लचके तोडीत होते. तो १६७२ मध्ये वारला आणि पुढे चौदाच वर्षांत राज्यही बुडाले. पूर्ण झालेली इमारत राजाचे वैभव सांगते. अपुरी राहिलेली इमारत राज्याची दशा सांगते. दोन्ही वाचता आल्या पाहिजेत.

दुपारचे ऊन विजापुरात कडक असते. त्या वेळी जेवण करावे, सावलीत बसावे आणि सकाळी पाहिलेल्या गोष्टी चार ओळींत टिपून ठेवाव्या. एखाद्या कमानीची ओबडधोबड आकृती स्वतः काढली, तरी ती विकतच्या चित्रापेक्षा अधिक ध्यानात राहते. ऊन उतरल्यावर पश्चिमेकडील ताज बावडी पाहावी. एवढे मोठे शहर पाणी कोठून पीत असेल, हा प्रश्न राजवाडे पाहताना कोणाला सुचत नाही. बावडीच्या काठावर तो सुचतो. अशा विहिरी आणि शहराबाहेरच्या तलावांतून मातीच्या नळांनी आणलेले पाणी यांवर ही राजधानी जगत होती.

पश्चिमेच्या तटावर शेरझा बुरुजावर मलिक-ए-मैदान ही प्रसिद्ध तोफ आहे. ती १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली गेली आणि परांड्याच्या किल्ल्यातून १६३२ मध्ये विजापूरला आणली गेली. ती सव्वाचार मीटरांहून अधिक लांब असून तिचे वजन सुमारे ५५ टन असल्याचे सांगतात. तिच्या तोंडाला सिंहाच्या जबड्याचा आकार दिलेला आहे आणि त्या जबड्यात हत्ती चिरडला जात आहे. इंग्रजी अमदानीत, १८५४ मध्ये, ही तोफ लिलावात अवघ्या दीडशे रुपयांना विकली जाण्याच्या बेतात होती. पण वरिष्ठांनी तो लिलाव रद्द केला आणि ती वाचली. जुन्या वस्तू आपोआप टिकत नाहीत. कोणीतरी वेळीच 'थांबा' म्हणावे लागते, हे या तोफेपाशी उमगते. जवळच उपळी बुरूज आहे. त्याला बाहेरून वळसा घालणाऱ्या पायऱ्या चढून गेले, की दिवसभर पाहिलेले सारे शहर एका दृष्टिक्षेपात सामावते आणि सकाळचा नकाशा जिवंत होतो.

दिवसाची अखेर इब्राहिम रोजापाशी व्हावी. एकाच चौथऱ्यावर एका बाजूस कबर आणि समोर मशीद आहे. गोल घुमट भव्यतेने दिपवतो; रोजा नाजूकपणाने मोहवतो. दगडात अक्षरे कोरून केलेल्या खिडक्यांतून मावळतीचा प्रकाश आत झिरपू लागतो, तेव्हा दगड इतका हलका होऊ शकतो याचे नवल वाटते. शिल्पी मलिक संदल याचे नाव येथील लेखात आहे. येथे विसावलेला दुसरा इब्राहिम संगीताचा मोठा भोक्ता होता. 'किताब-ए-नवरस' या आपल्या दखनी गीतांच्या ग्रंथात त्याने सरस्वती आणि गणपती यांनाही वंदन केले आहे. ज्या दरबारातून तलवारी निघाल्या, त्याच दरबारातून सूरही निघाले होते.

दुःखाची गोष्ट ही, की या वास्तूंच्या भिंतींवर कित्येकांनी खिळ्यांनी आपली नावे कोरून ठेवली आहेत. ज्यांनी हे दगड खाणींतून काढले, घडवले आणि उंच चढवले, त्या हजारो कारागिरांपैकी बहुतेकांची नावेही कोणाला ठाऊक नाहीत. आणि ज्याने काहीच केले नाही, त्याचे नाव मात्र भिंतीवर! जे वादळांनी आणि लढायांनी मोडले नाही, ते पाहुण्याच्या खिळ्याने विद्रूप व्हावे, यासारखी लाज नाही.

एक दिवस म्हणजे फार थोडा काळ, हे खरे. परंतु आधी वाचावे, मोजके निवडावे, पाहताना 'हे कसे' आणि 'हे का' असे विचारावे आणि परतताना तेथील धूळही जागची हलवू नये. मग तो थोडा काळही पुरेसा होतो. अशा रीतीने पाहिलेले नगर दृष्टीआड झाले, तरी मनात कायमचे वस्ती करून राहते.