नोव्हा: नाव नवं, तारा जुना

११ नोव्हेंबर १५७२ ची संध्याकाळ. पंचविशीतला खगोलशास्त्रज्ञ टायको ब्राहे प्रयोगशाळेतलं काम आटोपून जेवायला निघाला होता. सहज मान वर केली, तर जवळजवळ डोक्यावर, शर्मिष्ठा तारकासमूहात, एक झगझगीत तारा! तिथे असा तारा कधीच नव्हता. स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना, म्हणून त्याने सोबतच्या नोकरांना विचारलं, रस्त्याने चाललेल्या शेतकऱ्यांनाही विचारलं. सगळ्यांना तो दिसत होता. पुढे तर तो दिवसाउजेडीही दिसू लागला. मग हळूहळू मंदावत १५७४ च्या मार्चमध्ये दिसेनासा झाला.

टायकोने चिकाटीने मोजमापं घेतली. ही वस्तू चंद्राच्या अलीकडे असती, तर आजूबाजूच्या ताऱ्यांच्या तुलनेत तिची जागा थोडी तरी सरकली असती. ती तसूभरही हलली नाही. म्हणजे ताऱ्यांच्या प्रदेशात काहीच बदलत नाही, ही अ‍ॅरिस्टॉटलपासून चालत आलेली श्रद्धा चुकीची होती. १५७३ मध्ये टायकोने या ‘स्टेला नोव्हा’वर, म्हणजे नव्या ताऱ्यावर, लॅटिनमध्ये पुस्तक लिहिलं. त्यातलं ‘स्टेला’ म्हणजे तारा आणि ‘नोव्हा’ म्हणजे नुसतं ‘नवी’. लॅटिनमध्ये तारा स्त्रीलिंगी, म्हणून ‘नवी’. इंग्रजीने पुढे विशेषण ठेवलं आणि नाम गाळलं. ताऱ्यांविषयीच्या या शब्दात तारा उरलेलाच नाही!

आणि जो ‘नवा’ म्हणून मिरवला, तो जन्मलाच नव्हता. टायकोने पाहिला तो एका जुन्या ताऱ्याचा अंत होता. हजारो वर्षांपूर्वी झालेल्या त्या स्फोटाचा उजेड त्या दिवसांत पृथ्वीवर पोहोचला, इतकंच. चीनचे ज्योतिषी अशा ताऱ्यांना ‘पाहुणा तारा’ म्हणत. १०५४ मध्ये वृषभ राशीत आलेल्या अशाच पाहुण्याची त्यांनी नोंद ठेवली होती. मला ते नाव जास्त प्रामाणिक वाटतं.

दुर्बिणी आणि छायाचित्रणाच्या काळात एकाएकी उजळणारा कुठलाही तारा ‘नोव्हा’ ठरू लागला. एकाच नावाखाली दोन अगदी वेगळ्या घटना कोंबल्या गेल्या आणि त्यातून विश्व केवढं आहे, या प्रश्नातच घोळ झाला. १८८५ मध्ये देवयानीच्या तेजोमेघात एक नोव्हा दिसला होता. याच प्रश्नावरच्या १९२० च्या गाजलेल्या वादात खगोलशास्त्रज्ञ हार्लो शॅप्ली यांचा एक मुद्दा असा होता: देवयानी आपल्या आकाशगंगेबाहेर इतकी दूर असेल, तर तो नोव्हा अशक्य वाटावा इतका तेजस्वी मानावा लागेल, तेव्हा ती जवळच असली पाहिजे. तर्क बिनतोड होता, फक्त ‘नोव्हा’ एकाच प्रकारचे असतात हे गृहीत चुकीचं होतं.

१९२३ च्या ऑक्टोबरमध्ये माउंट विल्सन वेधशाळेत एडविन हबल यांनी देवयानीच्या छायाचित्राची एक काचेची प्लेट घेतली. तिच्यावर तीन ठिपके नवे वाटले, म्हणून प्रत्येकाशेजारी ‘एन’ लिहिलं: एन म्हणजे नोव्हा. जुन्या प्लेट ताडून पाहिल्यावर त्यातला एक ठराविक लयीत तेज बदलणारा तारा निघाला. हबल यांनी त्याच्याजवळचा ‘एन’ खोडला आणि ‘व्हीएआर’, म्हणजे रूपविकारी, असं उद्गारचिन्हासह लिहिलं. त्या ताऱ्याच्या लयीवरून देवयानीचं अंतर निघालं, आणि ती आपल्या आकाशगंगेबाहेरची वेगळी दीर्घिका ठरली. एक अक्षर खोडलं गेलं आणि विश्व अफाट झालं. ती प्लेट आजही जपून ठेवलेली आहे. तिचं चित्र पाहताना माझ्या अंगावर दरवेळी काटा येतो.

मग १८८५ चा तो तारा खरोखरच तेवढा तेजस्वी होता तर! अशा महास्फोटांसाठी वॉल्टर बाडे आणि फ्रिट्झ झ्विकी यांनी १९३४ च्या लेखात ‘सुपरनोव्हा’ हा शब्द रूढ केला. न्यूट्रॉन सापडून जेमतेम दोन वर्षं झाली होती, तरी असा स्फोट न्यूट्रॉन तारा मागे ठेवत असेल, असंही त्यांनी तिथेच मांडलं. टायकोचा ‘नोव्हा’ आज सुपरनोव्हांत मोडतो. ज्याच्यामुळे शब्द आला, तोच त्या शब्दातून बाहेर पडला.

उरलेला ‘नोव्हा’ म्हणजे श्वेतबटूवरचा स्फोट. हा लहानसा, घट्ट तारा जोडीदाराकडून हायड्रोजन ओढत राहतो. थर पुरेसा साचला की तो हायड्रोजन बॉम्बसारखा पेटतो, पण तारा शाबूत राहतो आणि पुन्हा साठवू लागतो. भुजंगधारी तारकासमूहातला ‘आरएस’ हा तारा असा अनेकदा भडकला आहे. २००६ च्या भडक्याच्या रेडिओ लहरी नारायणगावजवळच्या आपल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीनेही टिपल्या.

दरम्यान ‘किलोनोव्हा’ही आला: नोव्हाच्या सुमारे हजारपट तेजाचा. २०१७ च्या ऑगस्टमध्ये दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीनंतर तो प्रत्यक्ष दिसला. सोन्यासारखी जड मूलद्रव्यं अशा टकरींत घडतात. इथे ‘नवी’ हे विशेषण शेवटी थोडं खरं ठरतं: तारा नवा नसला, तरी द्रव्य नवं असतं.

स्वातीच्या पूर्वेला उत्तर मुकुट नावाची ताऱ्यांची छोटी कमान आहे. तिथला ‘टी’ हा तारा एरवी नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. पण १८६६ मध्ये आणि पुन्हा १९४६ मध्ये तो ध्रुवताऱ्याच्या तोडीने उजळला होता. साधारण ऐंशी वर्षांचा फेरा धरला तर पुढचा भडका याच काळात अपेक्षित आहे. उन्हाळ्यात रात्री गच्चीवर गेलात, तर ती कमान ओळखून ठेवा. तारा सुमारे तीन हजार प्रकाशवर्षं दूर आहे. तो स्फोट तिकडे केव्हाच होऊन गेला, त्याचा प्रकाश वाटेत आहे.