हिराबाई बडोदेकर: मैफल, नाटक कंपनी आणि तालीम

हिराबाई बडोदेकर यांचा जन्म 1905 साली मिरजेत झाला. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ हे वडील, तर बडोद्याच्या सरदार माने घराण्यातील ताराबाई या आई. 1922 मध्ये ताराबाई पाचही मुलांना घेऊन खाँसाहेबांपासून वेगळ्या झाल्या आणि मुलांनी नवी नावे धारण केली. अब्दुल रहमान सुरेशबाबू माने झाले, चंपाकली हिराबाई झाली, तर धाकटी सकीना पुढे सरस्वती राणे या नावाने गाजली.

हिराबाईंना प्रत्यक्ष तालीम मिळाली ती थोरले बंधू सुरेशबाबू आणि अब्दुल वहीद खाँ यांच्याकडून. संथ बढत आणि स्वराचा नितळ लगाव हे त्यांच्या गाण्याचे विशेष. त्या काळी स्त्रीचे गाणे बहुधा खासगी बैठकीत ऐकले जाई आणि गाणारीकडे पाहण्याची नजर स्वच्छ नसे. हिराबाईंनी तिकीट लावून जाहीर मैफली केल्या. असे करणाऱ्या पहिल्या गायिकांत त्यांची गणना होते. साधा पेहराव, हावभावांना फाटा आणि स्वराखेरीज कशाचाही आधार न घेणारी बैठक यांमुळे मध्यमवर्गीय कुटुंबे बायकामुलांसह त्यांच्या गाण्याला येऊ लागली. त्यांच्या गायकीइतकेच महत्त्व या बदलाला द्यायला हवे.

आपल्या ‘नूतन संगीत विद्यालय’ या संगीतशाळेच्या जोडीला माने भावंडांनी 1920 च्या दशकाच्या अखेरीस नाट्यशाखा काढली. व्यवहारात ताराबाईंचा शब्द मोठा होता, तरी प्रेक्षक यायचे ते मुख्यतः हिराबाईंच्या नावावर. बालगंधर्वांचा स्त्रीवेष रंगभूमीचा मानदंड होता, त्या दिवसांत या कंपनीत स्त्रियांच्या भूमिका स्त्रियाच करत. ‘सौभद्र’, ‘संशयकल्लोळ’, ‘मृच्छकटिक’ यांसारखी रुळलेली नाटके आणि ‘साध्वी मीराबाई’सारखे नवे नाटक त्यांनी रंगवले. हिराबाईंचा अभिनय गाण्याच्या तोडीचा नव्हता, पण पदासाठी जीव टाकणाऱ्या प्रेक्षकाची त्याबद्दल फारशी तक्रार नसावी.

नाटक कंपनी हा मोठ्या खर्चाचा धंदा. नटसंच आणि साथीदारांचे पगार, पडदे, कपडेपट, गावोगावचे बिऱ्हाड आणि मुदपाकखाना हे सारे रोजच्या गल्ल्यावर चालायचे. 1931 मध्ये ‘आलम आरा’ने आणि पुढच्याच वर्षी ‘अयोध्येचा राजा’ने बोलपटाचे युग सुरू केले आणि तो गल्ला आटला. भल्याभल्या मंडळ्या बुडाल्या. ही कंपनीही कर्जात जाऊन बंद पडली. ते कर्ज हिराबाईंनी मैफली करून फेडले. नाट्यव्यवसायाने त्यांना पैसा दिला नाही. मात्र नाट्यगीतांच्या ध्वनिमुद्रिकांनी त्यांचा आवाज संगीताची बैठक कधी न पाहिलेल्या घरांतही पोहोचवला होता, आणि पुढच्या मैफलींना त्याचा उपयोगच झाला.

पुढे आकाशवाणी, देशभरचे जलसे आणि धाकट्या बहिणीबरोबरची जुगलबंदी असा क्रम राहिला. दोन स्त्रियांनी मिळून ख्याल गाण्याचा हा प्रकार श्रोत्यांना नवा होता. 1953 मध्ये सुरेशबाबूंचे निधन झाले, तेव्हा त्यांच्या शिष्या प्रभा अत्रे यांची तालीम हिराबाईंनी पुढे चालवली. अत्रे यांनी नंतर मुंबईच्या एसएनडीटी विद्यापीठात संगीत विभागाचे प्रमुखपद सांभाळले.

संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार हिराबाईंना 1965 मध्ये, तर पद्मभूषण 1970 मध्ये मिळाले. 1989 मध्ये त्यांचे निधन झाले.