तारेभोवतीचा थर आणि प्रकाशाचा झोत

दातांवर प्रकाशाचा झोत टाकला की दात सरळ करायला बसवलेल्या तारेभोवतीचे जंतू मरतात, असे सांगितले जाते ते अर्धेच खरे आहे. नुसत्या लाल प्रकाशाने या जंतूंचे फारसे बिघडत नाही. आधी मिथिलीन ब्लूसारखा रंग जंतूंच्या चिकट थरावर लावून काही मिनिटे मुरू द्यावा लागतो. मग साधारण 660 नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश पडला की रंगाचे रेणू ती ऊर्जा आसपासच्या ऑक्सिजनला देतात आणि तो खवळलेला ऑक्सिजन जंतूंची आवरणे फाडतो. म्युनिकमध्ये 1900 च्या सुमारास ऑस्कर राब या विद्यार्थ्याला रंग आणि प्रकाशाच्या जोडीचा असाच परिणाम दिसला होता: अ‍ॅक्रिडीन रंगातले पॅरामिशियम उजेडात लवकर मरत, अंधारात तगून राहत. पण हा ऑक्सिजन सेकंदाच्या दशलक्षांश भागांतच विरतो, केसाच्या जाडीइतकेही अंतर कापत नाही. म्हणून रंग, प्रकाश आणि ऑक्सिजन एकत्र येतील तिथेच परिणाम होतो. तार धरणाऱ्या ब्रॅकेटच्या कडांखाली, तारेच्या सावलीत, हिरडीला लागून तिन्ही पोहोचणे अवघड असते, आणि थर नेमका तिथेच साचतो. शिवाय मेलेले जंतू जागचे हलत नाहीत. त्यांचा थर तसाच चिकटून राहतो आणि नवे जंतू त्यावर बसतात. तो निघतो घासण्यानेच.

मग हा उपचार निरुपयोगी आहे का? तसे म्हणणे अन्यायाचे ठरेल. तार लावलेल्या मुलांवरच्या काही प्रयोगांत जंतूंची संख्या आणि हिरड्यांतून येणारे रक्त कमी झाले आहे. मात्र हे प्रयोग बहुतेक लहान, काही आठवड्यांचेच, आणि प्रत्येकात रंग व प्रकाशाची मात्रा वेगळी. दवाखान्यातल्या साध्या सफाईपेक्षा जास्त फायदा कधी दिसतो, कधी दिसत नाही. तार लावल्यावर दात घासणे खरोखर कठीण जाते, हा आक्षेपही रास्त आहे. हिरड्या सुजलेल्या असतील किंवा मुलाचा हात नीट चालत नसेल, तर सफाईला जोड म्हणून प्रकाशाचा विचार जरूर व्हावा. क्लोरहेक्सिडीनच्या गुळण्या लांबवल्या तर दातांवर तपकिरी डाग पडतात, तो त्रास इथे नाही. पण घासलेल्या दातावर नवा थर काही तासांतच धरू लागतो, आणि दुर्लक्ष झाले तर ब्रॅकेटभोवती पांढरे चट्टे महिन्याभरातही दिसू शकतात. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीडहून नागपूर सुमारे शंभर किलोमीटर. तार आवळायला महिन्या-दीड महिन्याने तिकडे जाणाऱ्या मुलाचे मधले सगळे दिवस ब्रशवरच काढायचे असतात.

चट्ट्यांबद्दलचा गोंधळ चंद्रपूर जिल्ह्यात अधिक होतो, कारण इथल्या अनेक गावांच्या भूजलात फ्लोराइड जास्त आहे. त्याने पडलेले डाग दात घडत असतानाच्या वयातले असतात आणि सहसा दोन्ही बाजूंच्या जोडीच्या दातांवर सारखे दिसतात. तारेमुळे अडकलेल्या थरातल्या आम्लाने पडलेला चट्टा ब्रॅकेटच्या कडेने, हिरडीच्या बाजूला उमटतो. प्रकाशोपचार यांपैकी एकही पुसत नाही. आधीचे डाग कोणते हे पुढे कळावे म्हणून तार बसवण्याआधीच दातांचे फोटो काढून घ्यावेत. आणि पाण्यात फ्लोराइड आहे म्हणून मुलाची फ्लोराइड टूथपेस्ट बंद करणे ही तर मोठी चूक. समोरचे दात आठ वर्षांच्या आतच घडून झालेले असतात. पेस्ट थुंकून टाकणाऱ्या बारा-चौदा वर्षांच्या मुलाला तिने नवे डाग पडत नाहीत, उलट आम्लापासून दात वाचतो.

राहिली हळद. तिच्यातले कुरकुमिन निळ्या प्रकाशात जंतू मारते हे खरे, आणि शेजारच्या वर्धा जिल्ह्यातली वायगावची हळद कुरकुमिनसाठीच नावाजलेली आहे. पण कुरकुमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. दवाखान्यात ते ठरावीक द्रावणात, मोजलेल्या प्रकाशात वापरतात. घरी हळद चोळून उन्हात बसल्याने तारेवरचे रबर तेवढे पिवळे होतील. उपचार घ्यायचाच असेल तर रंग कोणता, प्रकाश किती वेळ, डोळ्यांना चष्मा आहे का, हे विचारावे. घरात कुणाला जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची आनुवंशिक कमतरता असेल तर तेही डॉक्टरांना आधी सांगावे, कारण मिथिलीन ब्लू शरीरात गेल्यास अशा व्यक्तीच्या तांबड्या पेशी फुटू शकतात. तोंडातली मात्रा अगदी थोडी असली तरी रंग निवडण्यापूर्वी डॉक्टरांना हे माहीत असायला हवे.