पात्यावरचा ठसा, बाटलीवरचे लेबल

क्राफ्ट बिअर किंवा व्हिस्की चवीने पिणारा आणि जुन्या घडणीचे खिशातले चाकू जमवणारा माणूस बऱ्याचदा एकच असतो, निदान अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये तरी. याचे सोपे कारण असे सांगितले जाते की हे दोन्ही पुरुषी शौक आहेत आणि जाहिरातवाल्यांनी ते एका चौकटीत बसवले आहेत. मला हे कारण अपुरे वाटते. बिअर आठवड्यांत शिळी होते, चाकू तीन पिढ्या चालतो. एक वस्तू संपवण्यासाठी घेतात, दुसरी ठेवण्यासाठी. नुसत्या जाहिरातीने इतक्या भिन्न गोष्टी फार काळ एकत्र राहिल्या नसत्या. माझे म्हणणे असे की दोन्ही शौक एकाच कौशल्यावर उभे आहेत: मालावर जे लिहिले आहे ते वाचायचे आणि ते खरे आहे का, हे हाताने किंवा जिभेने तपासायचे. या पारखीमुळेच मरणपंथाला लागलेले हे धंदे गेल्या पन्नास वर्षांत सावरले. आणि ही पारख वस्तू वापरल्याशिवाय येत नाही.

चाकू म्हटले की आपल्याकडे रामपुरी डोळ्यांपुढे येतो, म्हणून आधी एक खुलासा करतो. इथे विषय आहे तो घडीच्या साध्या चाकूचा. त्याच्या पात्याला कुलूप नसते. मुठीच्या पाठीतली पोलादी पट्टी स्प्रिंगसारखी दाब देऊन पाते उघडे किंवा मिटलेले धरून ठेवते. फळ कापणे, दोरी तोडणे, पेन्सिलीला टोक काढणे, गुरांची किरकोळ कामे ही त्याची कामे. मूठ हाडाची, शिंगाची किंवा शिसवीची. इंग्लंडमधले शेफिल्ड हे या कारागिरीचे मोठे गाव. तिथल्या चाकू कारागिरांच्या संघाला १६२४ मध्ये कायद्याने मान्यता मिळाली आणि प्रत्येक कारागिराचा ठसा नोंदवला जाऊ लागला. जोसेफ रॉजर्स या नामांकित पेढीचा तारा आणि माल्टीज क्रॉस हा ठसा १६८२ चा आहे. पात्याच्या बुडाशी मारलेला तो इवलासा ठसा म्हणजे कारागिराने अनोळखी गिऱ्हाइकाला दिलेला शब्द.

या शब्दाला किंमत आली तशा त्याच्या नकलाही आल्या. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीतून, विशेषतः झोलिंगेनहून, शेफिल्डचे नाव मारलेला स्वस्त माल बाजारात येऊ लागला. शेफिल्डच्या कारखानदारांनी आरडाओरडा केला आणि १८८७ मध्ये ब्रिटनने व्यापारी खुणांचा कायदा केला. ‘मेड इन जर्मनी’ ही अक्षरे मालावर आली ती या कायद्यामुळे. १८९० मध्ये अमेरिकेच्या मॅकिन्ली कायद्याने परदेशी मालावर जबर जकात बसवली आणि देशाचे नाव उमटवण्याची सक्तीही केली. शेफिल्डची अमेरिकेतली बाजारपेठ त्या जकातीने खिळखिळी झाली आणि न्यूयॉर्क व पेनसिल्व्हेनियातल्या कारखान्यांना बहर आला. केस हे आज सर्वांत ओळखीचे नाव त्याच काळातले, डब्ल्यू. आर. केस कंपनी १९०५ पासून पेनसिल्व्हेनियातल्या ब्रॅडफर्ड गावी आहे.

व्हिस्कीच्या धंद्यात याच सुमारास हेच घडत होते. घाऊक व्यापारी कच्च्या मद्यार्कात रंग, फळांचे रस आणि कधीकधी तंबाखूचा अर्कसुद्धा मिसळून जुनी व्हिस्की म्हणून विकत. केंटकीतले उत्पादक कर्नल ई. एच. टेलर यांनी अर्थमंत्री जॉन कार्लाइल यांच्या मदतीने १८९७ मध्ये ‘बॉटल्ड इन बाँड’ कायदा मंजूर करून घेतला. एकाच डिस्टिलरीची, एकाच हंगामातली, किमान चार वर्षे सरकारी देखरेखीखालच्या गोदामात मुरलेली आणि बरोबर ५० टक्के मद्यार्काची व्हिस्की असेल, तरच बाटलीवर ते शब्द येणार. दहा वर्षांच्या आत दोन अगदी वेगळ्या धंद्यांनी बनावट मालाला एकच उत्तर शोधले होते: मूळ ठिकाण सांगा आणि वस्तूवरच सांगा. त्यामागे कर आणि जकातीचे स्वार्थ होते, हे मान्यच आहे. पण आजचा संग्राहक चाकूच्या बुडाशी देशाचे नाव आहे की नाही यावरून त्याचे वय ताडतो आणि व्हिस्कीचा रसिक आजही बाँडचे शब्द शोधतो, तेव्हा दोघे त्याच दशकाचा वारसा वापरत असतात.

मात्र ठसा खरा असला म्हणजे माल चांगला, असे नाही. विसाव्या शतकात लेबले खरी राहिली आणि मालाचे वैविध्य गेले. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती. ती उठल्यावर मोठ्या कंपन्यांनी लहानांना गिळले. १९७० च्या दशकाच्या अखेरीस एवढ्या मोठ्या देशात बिअरचे कारखाने शंभराच्याही आत उरले होते. पश्चिम पेनसिल्व्हेनियाची गोष्ट मला अधिक बोचते. मोनोंगहेला नदीच्या खोऱ्यातले शेतकरी राय धान्याची व्हिस्की करत, कारण डोंगर ओलांडून धान्य नेण्यापेक्षा व्हिस्की नेणे परवडत असे. १७९१ मध्ये तिच्यावर कर बसला, तेव्हा त्यांनी बंड केले. १७९४ मध्ये ते मोडायला खुद्द जॉर्ज वॉशिंग्टन सुमारे १३,००० सैनिक घेऊन निघाले. ज्या राय व्हिस्कीसाठी लोक सरकारशी भिडले, ती पुढे तिच्याच प्रदेशातून जवळपास नाहीशी झाली. ओल्ड ओव्हरहोल्ट हे तिथले जुने नाव टिकले, पण ती व्हिस्की केंटकीत बनू लागली. चाकूंचेही असेच झाले. न्यूयॉर्क राज्यातला श्रेडचा कारखाना २००४ मध्ये आणि कॅमिलसचा २००७ मध्ये बंद पडला.

घसरण थांबवली ती गिऱ्हाइकांनी. १९७६ मध्ये जॅक मॅकऑलिफ यांनी कॅलिफोर्नियात न्यू अल्बियन ही छोटी ब्रुअरी काढली. ती १९८२ मध्ये बंद पडली, पण वाट दाखवून गेली. १९७८ मध्ये घरी बिअर करण्यास केंद्रीय कायद्याने परवानगी मिळाली आणि स्वतः धान्य भिजवून, हॉप्स उकळून, यीस्टचे नखरे सोसून शिकलेल्या लोकांची एक पिढी तयार झाली. पुढचे अनेक ब्रुअर त्यांतूनच आले आणि त्यांना समजून दाद देणारे गिऱ्हाईकही त्यांतूनच मिळाले. आज अमेरिकेत नऊ हजारांवर ब्रुअऱ्या आहेत. चाकूंच्या बाबतीत केस कंपनीने १९७० पासून ठशाखाली दहा ठिपके मारून दर वर्षी एक ठिपका कमी करण्याची पद्धत ठेवली. त्यामुळे संग्राहकाला नेमके वर्ष वाचता येऊ लागले. ग्रेट ईस्टर्न कटलरी ही कंपनी २००६ मध्ये निघाली, म्हणजे मोठे कारखाने बंद पडत होते नेमक्या त्याच वर्षांत. साध्या कार्बन पोलादाची पाती, जुने आकार आणि लहान लहान खेपा, हे तिचे धोरण. असा माल मागणारे लोक आधीपासून होते, म्हणूनच ते चालले.

आता वापराविषयी. माझ्या मते या शौकाचे मर्म इथे आहे, कारण या तिन्ही वस्तूंचे काळाशी नाते तीन प्रकारचे आहे. बिअरला काळ मानवत नाही. हॉप्सचा सुगंध उष्णता, उजेड आणि प्राणवायूने लवकर उडतो, म्हणून जाणकार डब्यावर भरल्याची तारीख पाहतो. व्हिस्की पिंपात असते तोवरच वयात येते. बोर्बन या अमेरिकी व्हिस्कीला आतून जाळलेले नवे ओकचे पिंप लागते. त्यातून रंग, व्हॅनिला आणि किंचित तुरटपणा येतो. एकदा बाटली सीलबंद झाली की ते वाढणे थांबते. बारा वर्षांची व्हिस्की कपाटात आणखी बारा वर्षे ठेवली तरी बाराच वर्षांची. चाकूचे मात्र हातात वय वाढते. शेफिल्डच्याच हॅरी ब्रेअरली यांनी १९१३ मध्ये न गंजणारे पोलाद आणले, तरी जुन्या घडणीचे रसिक कार्बन पोलादाला चिकटून आहेत. लिंबू, कांदा, सफरचंद कापत राहिले की त्या पात्यावर निळसर राखाडी झाक चढते आणि ती लाल गंजाला काही अंशी आवर घालते. उलट न वापरता ठेवलेला चाकू सुरक्षित असतो, हा भ्रम आहे. कातडी म्यानातला ओलावा आणि आम्ल पाते खाते. जुन्या सेल्युलॉइडच्या मुठी विघटन पावताना वायू सोडतात आणि शेजारच्या डब्यातल्या चाकूंनाही गंज चढवतात. संग्राहक पाते उघडमीट करताना ‘वॉक अँड टॉक’ तपासतात, म्हणजे त्याची चाल आणि शेवटचा ‘टक्’ असा आवाज. तो कान तिजोरी उघडून तयार होत नाही. सीलबंद बाटल्या साठवून भाव वाढण्याची वाट पाहणारा आणि कोरे चाकू मेणकागदातून न काढणारा, दोघेही व्यापार करतात. त्यात गैर काही नाही, पण धंदा वाचवणारी पारख त्यांच्याकडून येणार नाही.

पहिला आक्षेप असा की ‘क्राफ्ट’ हाच आता जाहिरातीचा शब्द झाला आहे. आक्षेपात तथ्य आहे. शिकागोची गूज आयलंड ही ब्रुअरी २०११ मध्ये जगातल्या सर्वांत मोठ्या बिअर कंपनीने विकत घेतली. इंडियानातल्या एका प्रचंड कारखान्याची राय व्हिस्की अनेकांनी आपापल्या गावाच्या नावाने विकली आणि आयोवातल्या एका कंपनीला त्यावरून २०१५ मध्ये ग्राहकांशी न्यायालयीन तडजोड करावी लागली. पण ती लबाडी उघडी पडली कशी? बाटलीमागची बारीक अक्षरे वाचणाऱ्यांमुळे. ज्या शौकात इतके लोक अशी अक्षरे वाचतात, तो शौक जाहिरातीने पूर्ण गिळलेला नाही.

दुसरा आक्षेप गंभीर आहे आणि त्याला हात झटकून उत्तर देता येणार नाही. दारू ती दारूच, आणि तिच्याजवळ धारदार वस्तू कशाला? जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितले की मद्याची कुठलीही मात्रा निर्धोक म्हणता येत नाही. दारूने किती घरे बुडवली हे महाराष्ट्राला सांगायला नको. चवीने पिणाऱ्याला हे सारे मान्य करूनच बोलावे लागेल, आणि त्याचे समर्थन एवढेच की चव कळायला लागली की मात्रा कमी होऊ शकते. ज्याची कमी होत नाही त्याने हा शौक सोडावा. चाकूला धार लावायची ती ग्लास भरण्याआधी, यावर तडजोड नसावी. चाकू हे शस्त्र म्हणाल, तर ब्रिटनचा कायदाही फरक करतो: तीन इंचांपर्यंतचे, कुलूप नसलेले घडीचे पाते खिशात बाळगण्यास तिथे मुभा आहे.

हे सारे परदेशातले, आपला काय संबंध, असेही कोणी म्हणेल. वापरायच्या धारदार वस्तूची हौस आपल्याला नवी नाही. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातले अडकित्ते बघावेत. शेफिल्ड आणि अमेरिकेतल्या उत्तम चाकूंच्या शिंगमुठी बऱ्याचशा भारतातल्या सांबराच्या शिंगांच्या होत्या. आपल्याकडे वन्यजीव कायद्याखाली या शिंगांचा व्यापार बंद झाला, ते योग्यच झाले. तेव्हापासून जुन्या शिंगमुठीचे चाकू महागले आणि हाडावर शिंगासारखे कोरलेले नकली नमुने ओळखणे ही संग्राहकाची पहिली परीक्षा झाली. व्हिस्कीचा संबंध तर आणखी जवळचा आहे. भारतात व्हिस्की म्हणून खपणाऱ्या मालात उसाच्या मळीपासून केलेला मद्यार्क मोठ्या प्रमाणावर असतो, आणि युरोपीय संघ अशा पेयाला व्हिस्की म्हणू देत नाही. दुसरीकडे बंगळुरूची अमृत आणि गोव्यातल्या कुंकळ्ळीची पॉल जॉन निव्वळ जवाच्या माल्टपासून सिंगल माल्ट करतात. तिथल्या उष्म्यात पिंपातून दर वर्षी उडून जाणारा वाटा स्कॉटलंडच्या दोन टक्क्यांपेक्षा कितीतरी जास्त असतो आणि त्याच उष्म्यामुळे आपली व्हिस्की कमी वर्षांतच मुरते आणि तिचे वय स्कॉचच्या मापाने मोजून चालत नाही. पुण्यात डूलालीने २००९ मध्ये ताजी बिअर जागेवरच करून द्यायला सुरुवात केली, तेव्हापासून बिअर कधीची आहे हे ती करणाऱ्यालाच विचारण्याची सोय महाराष्ट्रातही झाली आहे. मळी आणि माल्ट यांतला फरक मात्र विचारून कळायचा नाही. दोन्ही व्हिस्क्या दोन ग्लासांत थोड्या थोड्या ओतून, पाण्याचे चार थेंब टाकून, आधी हुंगून आणि मग चाखूनच तो कळेल.